ताण मोजायचा तर: लाळ, मन आणि सरावाची वही

रोज पोहायचे अंतर टप्प्याटप्प्याने सहापट करत नेले तर खेळाडूच्या शरीरात आणि मनात काय काय घडते, हे पाहण्यासाठी अमेरिकेतल्या संशोधकांनी १४ महाविद्यालयीन जलतरणपटू मुलींचा एक हंगाम बारकाईने तपासला. पॅट्रिक ओ'कॉनर, विल्यम मॉर्गन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा हा अभ्यास १९८९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात साधने दोनच होती: मुलींच्या तोंडातली लाळ आणि स्वतःच्या मनःस्थितीविषयी त्यांनी कागदावर केलेल्या खुणा. सराव शिखरावर पोहोचला तेव्हा मुली चिडचिड्या झाल्या, थकल्या, उदास झाल्या. त्यांचा उत्साह आटला. लाळेतले कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाच्या वेळी अधिवृक्क ग्रंथींतून स्रवणारे संप्रेरक, स्पर्धेत नसलेल्या इतर विद्यार्थिनींपेक्षा जास्त निघाले आणि जिला अधिक उदास वाटत होते तिच्यात ते साधारणपणे अधिक होते. स्पर्धा जवळ आल्यावर सराव उतरवला, तसे मन सावरले.

लाळ आणि उदासी यांची ही सांगड फक्त जड सरावाच्या काळात लागली. हंगामाच्या सुरुवातीला ती दिसली नाही आणि सराव उतरल्यावरही दिसली नाही. प्रशिक्षकाने नेमकी हीच गोष्ट मनात धरून ठेवावी. लाळेचा आकडा एकटा पाहिला तर त्यातून फारसे कळत नाही. सराव किती चालला आहे आणि खेळाडूला कसे वाटते आहे, या दोन गोष्टी शेजारी मांडल्या की त्या आकड्याला अर्थ येतो.

उच्च पातळीवरच्या खेळाडूचा ताण टाळायचा नसतोच. शरीराला झेपेल त्यापेक्षा थोडे जास्त ओझे द्यायचे, मग विश्रांती द्यायची आणि त्यातून ताकद वाढवायची, हीच तर सरावाची रीत. पंचाईत होते ती ओझे आणि विश्रांती यांचा मेळ बिघडल्यावर. युरोपियन कॉलेज ऑफ स्पोर्ट सायन्स आणि अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिन या संस्थांनी २०१३ मध्ये काढलेल्या संयुक्त निवेदनात या बिघाडाच्या तीन पायऱ्या सांगितल्या आहेत. पहिलीत कामगिरी थोडे दिवस घसरते आणि विश्रांतीनंतर आधीपेक्षा सुधारते; शिबिरात मुद्दाम साधतात ती ही अवस्था. दुसरीत सावरायला आठवडे, कधी महिने जातात आणि हाती काहीच लागत नाही. तिसरी म्हणजे अतिसरावाचा विकार, ज्यात हंगाम जातो आणि काहींची कारकीर्दही जाते. तिन्ही पायऱ्यांवर सुरुवातीची तक्रार जवळजवळ सारखीच असते: पाय जड, झोप मोडकी, मन लागत नाही. खेळाडू कोणत्या पायरीवर होता हे बहुतेक वेळा त्याला सावरायला किती दिवस लागले त्यावरून मागाहून कळते. म्हणून घसरण सुरू होतानाच ती दिसावी, यासाठी रोजची नोंद हवी. हा विकार ठामपणे दाखवून देईल अशी एकही रक्ताची किंवा लाळेची चाचणी नाही, असेही ते निवेदन स्पष्ट सांगते. कुणी तशी चाचणी विकायला आले तर हे वाक्य जरूर आठवावे.

आधी मन

मनापासून सुरुवात करण्याला कारण आहे. ऑस्ट्रेलियातल्या अ‍ॅना सॉ आणि तिच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये ५६ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. खेळाडूने स्वतः सांगितलेला थकवा, ताण आणि मनःस्थिती एका बाजूला ठेवली. हृदयगती, रक्त, संप्रेरके अशी यंत्राने मोजलेली मापे दुसऱ्या बाजूला. सरावाचे ओझे बदलले की ते अधिक नेमकेपणाने आणि अधिक सातत्याने कशात उमटते, तर खेळाडूच्या स्वतःच्या सांगण्यात, असे त्यांना आढळले. जिल्ह्याच्या ठिकाणी, प्रयोगशाळेपासून दूर काम करणाऱ्या प्रशिक्षकासाठी ही फार मोलाची बातमी आहे. सर्वांत उपयोगी माप फुकट मिळते आणि ते घ्यायला सकाळची दोन मिनिटे पुरतात.

मनःस्थिती मोजायची सर्वांत जुनी आणि सर्वाधिक वापरली गेलेली प्रश्नावली म्हणजे 'प्रोफाइल ऑफ मूड स्टेट्स', खेळाच्या जगात तिला 'पॉम्स' म्हणतात. १९७१ मध्ये ती बाजारात आली ती मानसोपचाराच्या बाह्यरुग्णांसाठी. तिच्यात ६५ शब्द आहेत आणि त्यांतून सहा गोष्टी मोजल्या जातात: तणाव, उदासी, राग, उत्साह, थकवा आणि गोंधळ. पाच नकारात्मक गुणांच्या बेरजेतून उत्साहाचे गुण वजा केले की एकूण बिघाडाचा आकडा मिळतो. विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या मॉर्गन यांनी ही प्रश्नावली मैदानावर आणली. चांगल्या लयीत असलेल्या खेळाडूच्या आलेखात उत्साह सरासरीच्या वर डोके काढतो आणि बाकी पाच गोष्टी खाली राहतात. या आकाराला त्यांनी हिमनगाचे नाव दिले. दहा वर्षांत सुमारे ४०० जलतरणपटू तपासून त्यांच्या गटाने १९८७ मध्ये लिहिले की सरावाचे ओझे वाढते त्या प्रमाणात मन बिघडते आणि ओझे उतरले की सावरते. अतिसरावाने शिळावलेल्या खेळाडूचा हिमनग मात्र उलटा होतो.

इथे एक धोका आहे. हिमनगाचा आलेख दिसला म्हणून खेळाडू जिंकेल, असे त्यातून निघत नाही. १९९५ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा यशस्वी आणि अयशस्वी खेळाडूंमधल्या फरकापैकी एक टक्काही या आलेखाने उलगडला नाही. मनाची प्रश्नावली निवड चाचणीत वापरणे म्हणूनच चूक, आणि अन्यायाचेही. एकाच खेळाडूचे आजचे मन त्याच्याच गेल्या महिन्यातल्या मनाशी ताडून पाहायला ती वापरावी. दुसऱ्या खेळाडूशी तुलना करण्यासाठी ती नाही.

असा वापर कसा करावा याचा सर्वांत सुंदर नमुना स्वीडनचा आहे. १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकची तयारी करणाऱ्या १४ जागतिक दर्जाच्या कनूपटूंबाबत बेर्ग्लुंड आणि सेफस्ट्रोम या संशोधकांनी आधीच नियम ठरवून घेतला. हंगाम नसतानाची प्रत्येकाची पॉम्सची पातळी नोंदवली. पुढे कुणाच्या मनाचा बिघाड त्या पातळीपेक्षा ५० टक्क्यांहून वाढला तर त्याचा सराव कमी करायचा आणि १० टक्क्यांच्या आत राहिला तर सराव वाढवायचा. जवळपास दोनतृतीयांश खेळाडूंचा सराव कधी ना कधी उतरवावा लागला आणि निम्म्याहून अधिक जणांचा कधी ना कधी चढवला गेला. कुणीही शिळावले नाही. आपल्याकडे मनाची चौकशी म्हणजे लाड, असे समजणारे प्रशिक्षक अजून आहेत. निम्म्याहून जास्त खेळाडूंकडून आणखी मेहनत करून घेता येईल हे स्वीडनमध्ये मनाच्या कागदानेच सांगितले, हा भाग त्यांनी पुन्हा वाचावा.

रोज ६५ शब्द भरायला कोणीही कंटाळेल. पीटर टेरी आणि सहकाऱ्यांनी याच प्रश्नावलीवरून २४ शब्दांची 'ब्रुनेल मूड स्केल' तयार केली. ती आठवड्यातून एकदा भरून घ्यायला सोयीची. रोजसाठी पाच प्रश्न पुरतात: झोप कशी झाली, थकवा किती, अंग किती दुखते, ताण किती आणि मन कसे आहे. प्रत्येकाला १ ते ५ गुण, ५ म्हणजे उत्तम. व्यावसायिक रग्बीत अशीच पाच प्रश्नांची पद्धत वापरली गेली आहे. प्रश्न खेळाडूच्या रोजच्या बोलण्यातले असावेत. कोल्हापूरच्या तालमीतल्या पोराला 'स्नायूंमधील वेदनेची तीव्रता' विचारली तर तो काहीतरी टिकमार्क करून मोकळा होईल. 'अंग किती आंबलंय?' असे विचारले की तो क्षणभर थांबून खरे सांगेल. एकदा ठरवलेले शब्द मात्र हंगामभर बदलू नयेत, नाहीतर जुन्या आकड्यांशी तुलना करता येत नाही.

वेळही ठरलेली हवी. उठल्यावर, सरावाच्या आधी, मोबाइलवर बातम्या आणि संदेश पाहण्यापूर्वी. आणि एकट्याने. दहा जणांनी शेजारी शेजारी उभे राहून एकाच वहीत आकडे लिहिले, तर पहिल्याने ४ लिहिले की बाकीचेही ४ लिहितात. वस्तादांसमोर किंवा सरांसमोर तोंडी विचारले तर उत्तर ठरलेलेच असते: "एकदम फिट, सर." खरे उत्तर मिळण्यासाठी खेळाडूला दोन गोष्टींची खात्री हवी. एक, कमी गुण दिल्याने संघातली जागा जाणार नाही. दुसरी, कमी गुण दिल्यावर खरोखर काहीतरी बदलेल. सलग दोन आठवडे झोपेला २ गुण देऊनही सकाळचा सराव पाचलाच सुरू होत राहिला, तर तिसऱ्या आठवड्यापासून प्रत्येक रकान्यात ४ दिसू लागतात आणि ती वही तिथेच निरुपयोगी होते.

त्याच वहीत सरावाचे ओझेही लिहावे. अमेरिकेतले कार्ल फॉस्टर यांची पद्धत अगदी सोपी आहे. सराव संपल्यावर साधारण अर्ध्या तासाने खेळाडूला विचारायचे की आजचा सराव ० ते १० मध्ये किती जड गेला. त्या आकड्याला मिनिटांनी गुणायचे. ९० मिनिटांचा सराव ६ इतका जड गेला तर त्या दिवसाचे ओझे ५४०. यातून आठवड्याचा एकसुरीपणाही मोजता येतो: रोजच्या ओझ्याची सरासरी भागिले त्याचे प्रमाण विचलन. समजा, एकाने सहा दिवस रोज ५०० आणि रविवारी शून्य असे ३,००० केले. दुसऱ्याने ८००, ३००, ७००, २००, ७५०, २५० आणि शून्य असे तेवढेच ३,००० केले. स्प्रेडशीटमधल्या नेहमीच्या सूत्राने पहिल्याचा एकसुरीपणा सुमारे २.३ येतो, दुसऱ्याचा १.४. मेहनत सारखीच, पण पहिल्याला रविवार सोडला तर हलका दिवसच मिळाला नाही. जड आणि एकसुरी सरावानंतर आजारपणे वाढतात, असे फॉस्टर यांना आढळले होते. आपल्याकडच्या अनेक केंद्रांत सोमवार ते शनिवार एकच वेळापत्रक भिंतीवर लावलेले असते. लाळेच्या चाचणीवर पैसे घालण्याआधी ते वेळापत्रक बदलून पाहावे.

मग लाळ

लाळ गोळा करायला सुई लागत नाही, परिचारिका लागत नाही, आणि सुईच्या भीतीनेच ताण वाढून आकडा बिघडला असेही होत नाही. रक्तातले बहुतेक कॉर्टिसॉल प्रथिनांना चिकटलेले असते. पेशींवर काम करतो तो मोकळा असलेला छोटा हिस्सा, आणि लाळेत उतरतो तोही तोच. लाळेतून टेस्टोस्टेरॉनही मोजता येते. तोंडाच्या आणि घशाच्या अस्तरावर जंतूंना अडवणारे 'इम्युनोग्लोब्युलिन ए' हे प्रतिपिंड, ज्याला थोडक्यात आयजीए म्हणतात, तेही मोजता येते.

कॉर्टिसॉलचे घड्याळ प्रशिक्षकाला पाठ असायला हवे. जाग आल्यावर ३० ते ४५ मिनिटांत ते शिखरावर जाते, मग दिवसभर उतरत मध्यरात्रीच्या सुमारास तळाला पोहोचते. जाग आल्याक्षणी घेतलेला नमुना आणि अर्ध्या तासाने घेतलेला नमुना यांत दीडपट फरक पडू शकतो, तोही पूर्ण निरोगी आणि ताज्यातवान्या खेळाडूत. तालमीत पहाटे साडेचारला उठणारा पैलवान आणि सातला उठणारी नेमबाज या दोघांचे नमुने सकाळी आठला घेतले तर त्यांच्या घड्याळातल्या दोन वेगळ्या वेळा मोजल्या जातात. म्हणून वेळ जाग येण्यापासून मोजावी: उठल्याबरोबर एक नमुना आणि ३० मिनिटांनी दुसरा, किंवा फक्त ३० मिनिटांचा. जे ठरेल ते हंगामभर तसेच ठेवावे आणि जाग आल्याची खरी वेळ खेळाडूने स्वतः लिहावी.

नमुना घेण्याची रीत वाचायला क्षुल्लक वाटते, पण अनेक निकाल तिथेच बिघडतात. आधी किमान अर्धा तास, शक्य तर तासभर, खाणेपिणे नको, चहाही नको. दात नमुन्यानंतर घासावेत, कारण ब्रशने हिरड्यांतून सूक्ष्म रक्त आले तरी ते लाळेत मिसळते आणि विशेषतः टेस्टोस्टेरॉनचा आकडा चढतो. मिश्री, तंबाखू, पान, च्युइंगम यांचाही परिणाम होतो. साध्या पाण्याने चूळ भरून दहा मिनिटे थांबावे म्हणजे लाळ पातळ होत नाही. मग मान थोडी खाली घालून, गाल न चावता, तोंडात आपोआप साठलेली लाळ छोट्या नळीतून कुपीत सोडावी. चघळायचा कापूस सोयीचा असतो, पण साध्या कापसाने टेस्टोस्टेरॉन आणि आयजीएची मापे बिघडतात. नमुना गुलाबी दिसला तर तो टाकून द्यावा. कुपीवर नाव, तारीख, वेळ घालून ती लगेच बर्फात ठेवावी आणि उणे २० अंशांच्या फ्रीझरमध्ये साठवावी. एका खेळाडूचे महिन्याभरातले नमुने प्रयोगशाळेने एकाच खेपेत तपासावेत असे सांगून ठेवावे. नाहीतर दोन खेपांतल्या किटच्या फरकालाच खेळाडूतला बदल समजले जाईल.

आयजीएसाठी आणखी एक काळजी घ्यावी लागते. लाळ किती वेगाने सुटते त्यावर आयजीएची तीव्रता अवलंबून असते, कॉर्टिसॉलची सहसा नसते. कुस्ती, बॉक्सिंग, ज्युदोमधला खेळाडू वजन उतरवण्यासाठी पाणी तोडतो तेव्हा त्याची लाळ आटते आणि घट्ट होते. निर्जळी उपवासात आणि रोज्यातही तसेच. अशा वेळी नुसता तीव्रतेचा आकडा पाहिला तर आयजीए छान आहे असा चुकीचा दिलासा मिळतो. म्हणून लाळ ठरावीक मिनिटे गोळा करून तिचे वजन नोंदवावे आणि मिनिटाला किती आयजीए सुटले ते काढावे.

एवढे कष्ट कशासाठी, याचे उत्तर अमेरिका'ज कप या नौकाशर्यतीतल्या एका संघाने दिले. व्हर्नन नेव्हिल, मायकेल ग्लीसन आणि जोनाथन फोलंड यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ३८ व्यावसायिक खेळाडूंची लाळ ५० आठवडे दर आठवड्याला तपासली. सगळ्यांना एकच पट्टी लावली असती तर हाती काही लागले नसते, कारण निरोगी माणसांतही आयजीएची पातळी फार वेगवेगळी असते. त्यांनी प्रत्येकाची निरोगी दिवसांतली स्वतःची सरासरी काढली आणि त्या आठवड्याचा आकडा तिच्याशी ताडला. आकडा स्वतःच्या सरासरीच्या ४० टक्क्यांखाली गेला, तर पुढच्या तीन आठवड्यांत सर्दी-घशाचा संसर्ग होण्याची शक्यता ४८ टक्के निघाली. राष्ट्रीय स्पर्धेच्या तीन आठवडे आधी हे कळले तर करण्यासारखे पुष्कळ असते: एक-दोन जड सत्रे हलकी करणे, रात्रीची झोप वाढवणे, सर्दी झालेल्या सहकाऱ्यापासून वेगळ्या खोलीत ठेवणे, लग्नसमारंभाची गर्दी टाळणे, बाटली आणि टॉवेल कुणाला न देणे.

टेस्टोस्टेरॉन आणि कॉर्टिसॉल यांच्या गुणोत्तराची हवा १९८०च्या दशकापासून आहे. फिनलंडच्या अ‍ॅड्लरक्रॉइट्झ यांच्या गटाने १९८६ मध्ये ते मांडले आणि ३० टक्के घट झाली की सावध व्हावे, असा आकडा क्रीडाविश्वात पसरला. हे गुणोत्तर सध्याचे ओझे किती आहे एवढेच सांगते. अतिसरावाचे निदान त्यावरून होत नाही. कॉर्टिसॉलच्या बाबतीत तर दिशाही कायम नसते. जड सरावाच्या पहिल्या टप्प्यात ते वाढलेले दिसू शकते आणि दीर्घकाळ ओढाताण झालेल्या खेळाडूत त्याचा प्रतिसाद मंदावलेला असू शकतो. ब्रसेल्समधल्या रोमँ म्यूसेन यांचा गट म्हणूनच खेळाडूला चार तासांच्या अंतराने दोनदा पूर्ण दमवतो आणि दुसऱ्या वेळी संप्रेरके कशी वागतात ते पाहतो. एका सकाळच्या एका कुपीवरून खेळाडूला घरी पाठवणाऱ्या व्यवस्थापकाने एवढे तरी वाचावे.

काही औषधे आकडा पार उलटवतात. दम्याचे स्टेरॉइड असलेले पंप, त्वचेवर लावायची हायड्रोकॉर्टिसोनची मलमे, गर्भनिरोधक गोळ्या यांची नोंद आधी करून घ्यावी. मुलींच्या बाबतीत पाळीचा दिवसही. ही माहिती वैद्यकीय कर्मचाऱ्याने, शक्यतो महिलेने, खाजगीत विचारावी.

निर्णय आधी, आकडा मागून

बहुतेक संघांना दर आठवड्याला लाळ तपासायची गरज नाही. हंगामाआधी, ओझे हलके असताना, तीन-चार आठवडे मनाचे रोजचे पाच प्रश्न आणि आठवड्यातून दोनदा लाळ घेऊन प्रत्येकाची स्वतःची पातळी ठरवावी. त्यानंतर वही रोज चालू ठेवावी. लाळ मात्र तीनच प्रसंगी: जड शिबिराच्या आधी आणि नंतर, महत्त्वाच्या स्पर्धेच्या तीन-चार आठवडे आधी, आणि मनाचे गुण खाली जाऊनही कारण सापडत नसेल तेव्हा. कोणत्या आकड्याला काय करायचे ते खेळाडूसमोर, हंगामाच्या आधी, कागदावर लिहावे. पाच प्रश्नांची बेरीज एखाद्या दिवशी कमी झाली तर नुसती विचारपूस. सलग तीन दिवस ती खेळाडूच्या नेहमीच्या चढउतारांच्या खाली राहिली तर त्या दिवशीची तीव्रता कमी करायची आणि वेळ छाटायचा. आठवडाभर तसेच राहिले तर पूर्ण विश्रांतीचे दोन दिवस आणि डॉक्टर.

मन आणि लाळ नेहमी एकमेकांना दुजोरा देतील असे नाही. मन खराब आणि लाळ व्यवस्थित असेल तर मैदानाबाहेर पाहावे: घरचे आजारपण, बारावीची पूर्वपरीक्षा, नोकरीचा प्रश्न, वसतिगृहातले भांडण. ताण कुठूनही आला तरी तो त्याच एका शरीराला सोसावा लागतो. त्या आठवड्यात मैदानावरचे ओझे कमीच हवे. मन प्रसन्न पण आयजीए कोसळलेले असेल तर संसर्गाची काळजी घ्यावी, सराव बंद करण्याची घाई नको. दोन्ही बिघडलेली आणि कामगिरीही घसरलेली असेल तर अतिसरावाचा शिक्का मारण्यापूर्वी वैद्यकीय तपासणी करून घ्यावी. रक्तक्षय, थायरॉइडचा बिघाड, डेंग्यू किंवा टायफॉइडनंतरचा अशक्तपणा यांची लक्षणे अगदी अशीच दिसतात. आणि खुराक. मेहनतीच्या मानाने जेवण कमी पडले की संप्रेरके, हाडे, पाळी, मन सगळेच ढासळते. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ मध्ये या अवस्थेकडे स्त्री आणि पुरुष दोघांच्या संदर्भात लक्ष वेधले. वसतिगृहाच्या खानावळीतले ताट किती भरते हे प्रशिक्षकाने स्वतः तिथे बसून पाहावे.

मनाची प्रश्नावली नैराश्याचे निदान करत नाही, पण त्याची चाहूल तिच्यातून लागू शकते. सराव उतरवूनही दोन आठवडे उदासी हटली नाही, खेळाडू सहकाऱ्यांपासून तुटू लागला किंवा जगण्याविषयी निराशेने बोलू लागला, तर तो प्रश्न सरावाच्या वहीचा राहत नाही. मानसोपचारतज्ज्ञाची भेट त्याच आठवड्यात ठरवावी. केंद्र सरकारची टेलि-मानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मिळते, मराठीतूनही. हा क्रमांक चेंजिंग रूमच्या दारावर लावायला परवानगीची वाट पाहू नये.

हे आकडे कोण पाहणार, हेही लेखी हवे. प्रशिक्षक आणि डॉक्टर. निवड समिती नाही, प्रायोजक नाही, संघाचा व्हॉट्सअ‍ॅप गट तर नाहीच. खेळाडू अठराच्या आतला असेल तर पालकांना समोर बसवून लाळेतून काय तपासले जाईल आणि काय तपासले जाणार नाही ते सांगावे आणि त्यांची लेखी संमती घ्यावी. नमुना उत्तेजक चाचणीसाठी नाही, हे खेळाडूलाही स्पष्ट सांगावे. बऱ्याच जणांना मनातून तीच भीती असते.

सगळी काळजी घेऊनही कुणी शिळावलेच, तर परतीचा रस्ता लांबचा असतो. ब्रिटिश ऑलिंपिक खेळाडूंवर अनेक वर्षे उपचार केलेले डॉक्टर रिचर्ड बजेट अशा खेळाडूंना दिवसाला ५ ते १० मिनिटांच्या अगदी हलक्या व्यायामापासून सुरुवात करायला सांगत आणि ६ ते १२ आठवड्यांत तो हळूहळू वाढवत. आधी वेळ वाढवायचा, वेग नंतर. सर्वांत अवघड जाते ते स्वतःच्या खेळात हळू जाणे: धावपटू ट्रॅकवर उतरला की दुसऱ्या फेरीलाच जुना वेग पकडतो. म्हणून त्याला पहिले काही आठवडे सायकल द्यावी, पैलवानाला पोहायला पाठवावे, जलतरणपटूला चालायला लावावे. या काळात ओझ्याचा रकाना जवळजवळ रिकामा राहील, तरी सकाळचे पाच प्रश्न चालू ठेवावेत. पुढचा टप्पा कधी द्यायचा हे त्या उत्तरांवरून ठरवावे. स्पर्धांची दिनदर्शिका तोवर बाजूला ठेवावी.